सॉरीनंतरची दोन मिनिटं

मी ईराला आणायला बालवाडीत पोचले, तेव्हा तिच्या पायाशी वर्गातल्या सानिकाने केलेला मातीचा हत्ती मोडून पडला होता आणि सानिका हुंदके देत होती. माझ्या चार वर्षांच्या लेकीचाच धक्का लागला होता.

"ईरा, सॉरी म्हण आधी!" मी दारातूनच ओरडले.

ईराने "सॉरी" म्हणून टाकलं. सानिका आणखीच मोठ्यांदा रडायला लागली.

बाई दोघींजवळ खाली बसल्या. "ईरा, सानिकाकडे बघ बरं. काय होत असेल तिला?"

ईरा बघत राहिली. मला घाई झाली होती, बाईंना मुळीच नव्हती. शेवटी ईरा हळूच म्हणाली, "तिला तो आईला दाखवायचा होता."

सानिकाने रडतारडताच मान हलवली. मग दोघी मिळून हत्तीची सोंड शोधायला लागल्या.

आईला दाखवायचं होतं, हे चेहऱ्यावर कुठे लिहिलेलं असतं? वाटेत मी ईराला विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"मी बघितलं ना."

मी मात्र ओरडताना सानिकाकडे बघितलंच नव्हतं. बाई मला काय म्हणतील, म्हणून त्यांच्याकडेच बघत होते.