श्रीधरकाका आणि मी पळवलेली रेकॉर्ड

सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाची रेकॉर्ड मी त्याच्या डोळ्यांदेखत पळवली.

आज त्या माणसाला जाऊन वर्ष झालं.

श्रीधरकाका. जन्म, शाळा, सरकारी कारखान्यातली नोकरी, सगळं बंगळूरमध्येच. घरात मराठी, तीही कन्नडची फोडणी दिलेली. आमची ओळख शिवाजीनगरमधल्या एका छोट्या रेकॉर्डच्या दुकानात झाली.

ओळख कसली, भांडणच.

त्या दिवशी एक लिमिटेड एडिशन येणार होती. चामराजपेटच्या एका हॉलमधली व्हायोलिनची मैफल, चाळीसेक वर्षांपूर्वी टेप केलेली, आता पहिल्यांदाच विनाइलवर. मोजक्याच कॉपी, प्रत्येकीवर हाताने लिहिलेला नंबर. त्या दुकानाच्या वाट्याला एकच आली होती.

मी दुकान उघडायच्या तासभर आधी पोचले. दाराशी माणूस नव्हता. एक चप्पल होती.

तपकिरी, डाव्या पायाची, लाइनीत पहिली.

मी चपलेच्या पुढे जाऊन उभी राहिले. पुण्याची आहे मी, नियम म्हणजे नियम.

शटर वर गेलं, रेकॉर्ड माझ्या हातात आली, आणि मागून एक काका धावत आले. एका पायात चप्पल, मिशीला कॉफीचा फेस.

"अहो, पहिला नंबर माझा! ही काय माझी चप्पल!"

दुकानाचे मालक शांतपणे म्हणाले, "सर, चप्पल इज नॉट अ कस्टमर."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मराठीत पुटपुटले, "कार्टी आगाऊ दिसते."

"ऐकू आलं, काका."

"अगं, मराठी? कुठली तू?"

"पुण्याची."

"वाटलंच. सरी, बिडी." म्हणजे, ठीक आहे, जाऊ दे. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "त्या मैफलीला मी होतो गं. तिसऱ्या रांगेत, काकूंना घेऊन. काय मैफल झाली होती म्हणून सांगू! माझी वाहवा असणार बघ त्यात. एकदा ऐकव फक्त."

"ऐकवते ना," मी म्हटलं.

नाही ऐकवली.

कारण मी लिमिटेड एडिशनचं सील फोडत नाही. फोडलं की त्यातली मजा गेली, असं आम्हा शहाण्या लोकांचं मत. काका नेमके उलटे. नवीन रेकॉर्ड हातात आली की काउंटरवरच अंगठ्याच्या नखाने सील टरकवायचे. मी तोंड फिरवायचे.

"लोणचं घालायचं आणि बरणी उघडायचीच नाही, हा कुठला उपवास?" ते विचारायचे.

पुढे दोन वर्षं आम्ही दर शनिवारी एकत्र फिरलो. काका लवकर उठून माझ्यासाठी लाइन धरायचे. आता स्वतः उभे राहून, दोन्ही चपला घालून. भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला.

"फोडलीस का?"

"नाही काका."

"बरं."

मग त्यांची बायपास झाली आणि मी घाबरले. खरंच घाबरले. ते घरी आले त्याच आठवड्यात ती रेकॉर्ड घेऊन जयनगरला त्यांचं घर गाठलं.

"तुम्ही फोडा," मी म्हटलं. त्यांनी नख लावलं. मी डोळे मिटून घेतले.

काकांनी सुई ठेवली, मान मागे टेकवली, ताल धरायला बोट उचललं.

आणि स्पीकरमधून धाडधाड ड्रम्स! त्यावर एक माणूस कुणीतरी गळा आवळल्यासारखा ओरडतोय. चक्क हेवी मेटल. तबकडीवरचं लेबल व्हायोलिनचं आणि आतलं संगीत भलत्याच बँडचं. कारखान्यात अदलाबदल झाली होती.

काकू हातात उलथनं घेऊन धावत आल्या. "अय्यो, काय झालं?"

काकांनी एक डोळा उघडला. "काही नाही. बुवा आज जरा चिडलेत."

आणि मग जे हसले! छातीशी उशी घट्ट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पुरे गं, टाके तुटतील!"

मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, आता एकही कॉपी शिल्लक नाही. घेतली तेव्हाच कळवलं असतं तर लगेच बदलून दिली असती.

काकांना सांगितलं. "सरी," म्हणाले, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. चार महिन्यांनी गेले.

ती मैफल न ऐकताच गेले, माझ्यामुळे. याचं मला अजून फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात एका दुकानात जुन्या रेकॉर्ड्समध्ये तीच एडिशन दिसली. कुणीतरी वापरलेली, कव्हरचा कोपरा दुमडलेला. आज सकाळी ती घेऊन काकूंकडे गेले.

या वेळी व्हायोलिनच होतं.

आम्ही दोघी कान देऊन बसलो. पहिल्या बाजूवर काही नाही. दुसऱ्या बाजूवर, वादक क्षणभर थांबले तिथे, एका माणसाचा स्वच्छ आवाज. "वाह!"

मी उडालेच. "काकू, काका!"

काकूंनी मान हलवली. "हे नव्हेत. हे झोपले होते."

"काय?"

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डबल ड्यूटी करून तसेच मला घेऊन गेले. तंबोरा लागला आणि ह्यांची मान माझ्या खांद्यावर. शेवटच्या टाळ्यांनी उठले. पुढे जन्मभर सगळ्यांना सांगत होते, काय मैफल झाली म्हणून. मी कधी बोलले नाही, बाई."

मला हसूही आलं आणि रडूही.

म्हणजे त्यांना स्वतःची वाहवा ऐकायची नव्हतीच. हुकलेली मैफल ऐकायची होती. एकदा झोपेने हुकवली, दुसऱ्यांदा मी.

काकूंनी दुसरी बाजू परत लावायला सांगितली. मी लावली. शेवटपर्यंत ऐकली, काका, तुमच्या वाटणीचीही.

श्रीधरकाका, मनापासून नमस्कार.

मैफल खरंच फार सुंदर झाली होती. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ते अगदी खरं होतं.