जिताड्याचं डोकं

मी भात लावून खोबरं वाटत होते आणि हे बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता ओरडले, "जिताड्याचं डोकं मला हं!" दर रविवारी हेच. जणू मी ते दुसऱ्या कुणाला देणार होते.

ते जाऊन तीन वर्षं झाली. हल्ली त्यांचा आवाज पुसट होतोय की काय, अशी भीती वाटायची. काल पनवेलच्या मासळी बाजारात जिताडा घेतला आणि सवयीनं बोलून गेले, "मावशी, डोकं वेगळं बांधा, यांना लागतं."

मावशींचा कोयता थांबला. मग म्हणाल्या, "भाऊ दर येली भांडायचा माज्याशी, मोठं डोकं दे म्हनून. घे ताय, आज मोठं हाय."

ते गेल्यावर मला वाचायचा नाद लागला. सध्या मेंदूवर वाचतेय. तिथल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात, आणि असा निरोप क्षणात पोचून संपतो. न्यूरोपेप्टाइड्स नावाची रसायनं मात्र सावकाश पसरतात, बराच वेळ रेंगाळतात आणि पेशींनी ते निरोपाचं रसायन किती सोडायचं, हे कमीजास्त करत राहतात.

बाजारातला क्षण संपला, पण रात्री झोपेपर्यंत घरभर यांचाच आवाज होता. कारण हेच असेल का, मला ठाऊक नाही. रेंगाळू दे, एवढंच वाटलं.

तुमच्याकडेही अजून कुणाचा वाटा बाजूला निघतो का?

संसारात ते डोकं मी कधी चाखलंच नव्हतं. आज दुपारी कालवण केलं आणि डोकं मी खाल्लं.