नानांच्या काचा

काचवाले नाना कुणाच्याही घरात शिरले की आधी पालथे पडून जमिनीला कान लावत. लालबागच्या त्या चाळीखाली मैलापाण्याच्या भुयारासाठी खडकात ड्रिल चालू होतं. वरच्या स्लॅबना काही होतंय का, हे पाहणं नानांचं काम. मी त्यांच्या हाताखालचा. बाया पदराआड हसत. नाना म्हणत, "हसा. माणूस दगा देतो, स्लॅब आधी सांगतो."

तडा दिसला की ते त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी लावत, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की. तडा केसभर वाढला तरी काच फुटे. घरोघर बजावत, "वहिनी, देव पुसायचे राहिले तरी चालेल, पण काचेला फडकं लावू नका."

एका आठवड्यात कोपऱ्यातल्या खोलीच्या छताला लावलेल्या तीन काचा फुटल्या. ड्रिल थांबवा, माणसं हलवा, असं नानांनी लिहून दिलं. भुयाराच्या कामावरच्या साहेबांना काम थांबवायचं नव्हतं आणि मला नानांची खुर्ची हवी होती. नाना संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात हे मला ठाऊक होतं, आणि चळवळीतल्या माणसांवर साहेबांचा संशय असे. कुणी न विचारता मी म्हणालो, "काम बंद पाडायला नानाच काचा फोडतात, साहेब."

साहेबांनी ते नानांसमोर पुन्हा वदवून घेतलं. नाना मला एवढंच म्हणाले, "दोघांनी मिळून लावल्या ना रे त्या?"

नानांना काढून टाकलं.

मग नवी काच मी लावली. प्लास्टर एकाच टोकाला. दुसरं नुसतं टेकवलेलं. अशी काच कधीच फुटत नाही. खालून त्या खोलीतल्या वहिनींनी विचारलं, "आता भीती नाही ना, भाऊ?" मी म्हणालो, "काच शाबूत आहे तोवर नाही."

अकराव्या दिवशी भरदुपारी स्लॅब कोसळला. वहिनी चुलीपुढे होत्या. मुलं शाळेत होती म्हणून वाचली.

चौकशीत मी ढिगाऱ्यातली ती काच टेबलावर ठेवली. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, बाकी अखंड. धोक्याची पूर्वसूचना नव्हती, असं ठरलं. नानांच्या नावापुढचा 'काचा फोडल्या' हा शेरा मात्र तसाच राहिला. तो खोटा आहे, हे मी आज लिहितो आहे. नाना जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

चौकशीच्या त्या दिवशी ते बाहेर बाकावर बसून होते. त्यांना आत कुणी बोलावलंच नाही. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी काचेबद्दल चकार शब्द काढला नाही.

"वहिनींची पोरं कुणाकडे आहेत रे?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी चौकशीच केली नव्हती.