नव्वद मिनिटं गप्प राहणारी माणसं

फुटबॉलच्या रेफरीला मैदानात बोलता येत नाही. म्हणजे तशी बंदी नाही, पण बोलून उपयोग नसतो. शिट्टी वाजवायची, हात दाखवायचा, कार्ड काढायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागे लोक आपल्या आईवडिलांची चौकशी करत असतात, ती मुकाट ऐकून घ्यायची. नव्वद मिनिटांत जे जे ओठापर्यंत येऊन परत जातं, ते आत कुठंतरी साचत राहतं. मग रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात पुट्टस्वामीच्या टेलरिंगच्या दुकानात जमतो आणि ते सगळं बाहेर येतं.

दुकान रविवारी बंद असतं. शटर अर्धं खाली, आत नव्या कापडाचा वास, समोरच्या हॉटेलातून आलेली फिल्टर कॉफी. पुट्टस्वामी आपल्या मशीनपाशी बसतो. आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ नागोजीराव. त्यांना आम्ही मामा म्हणतो. हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचंच, त्यामुळे मामांचं मराठी अर्ध्या वाटेवर कन्नडला जाऊन परत येतं. शुभांगी नागपूरची, इथं कॉम्प्युटर कंपनीत. टचलाइनवर झेंडा घेऊन धावणारी असिस्टंट रेफरी म्हणून प्रोफेशनल लीगपर्यंत पोचलेली आमच्यातली ती एकटीच. आणि मी कडकोळच्या एका कारखान्यात नोकरीला. मूळचा कोल्हापूरचा. तिथं रेफरीला शिव्या घालत मोठा झालो, इथं येऊन त्या खातो.

*

मला शिट्टी हातात घेऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. कृष्णराजनगरला थंडीत सकाळची मॅच होती. मैदानाच्या तीन बाजूंना भाताची शेतं, पलीकडे कावेरी. सुरुवात झाली तेव्हा ऊन होतं. मग नदीकडून धुकं आलं. एखादं जनावर चालत यावं तसं सावकाश आलं आणि मैदानावर बसलं. मला माझे बूट दिसत होते, बाकी सगळे आवाज. पळणाऱ्या पायांचे, कुणाच्या तरी खोकल्याचे. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवणार, तेवढ्यात बॉलला किक बसल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी गोलपाशी गेलो. जाळं जागोजागी फाटलेलं. बॉल मागे गवतात पडलेला. आतून गेला की बाहेरून, कळायला मार्ग नाही. गोलकीपरला विचारलं, तर तो म्हणाला, त्याला फक्त वारा लागला. ज्यानं किक मारली त्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, मी मारला तोवर माझा होता. पुढचं मला माहीत नाही."

जे दिसलं नाही ते द्यायचं नाही, एवढा एकच नियम मला त्या वेळी आठवला. गोल दिला नाही. धुकं उठेपर्यंत दोन्ही टीम मैदानात बसून राहिल्या. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मला फार अभिमान वाटला आणि मी तो किस्सा दुकानात रंगवून सांगितला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "छान केलास. पण तुझ्या न्यायामुळे ते गप्प बसले असं समजू नको हं. कुणाला काही दिसलंच नव्हतं, अल्वा, हो की नाही?"

*

पुट्टस्वामीची अडचण वेगळीच. गावातल्या निम्म्या टीमच्या जर्सी तोच शिवतो. रेफरी म्हणून उभा राहिला की हरणारी टीम म्हणते, त्यांच्याच जर्सीला चांगलं कापड वापरलंस, आणि निर्णयही त्यांनाच.

एका सेमीफायनलला एका पोरानं सुरेख गोल मारला आणि धावत जाऊन अंगातली जर्सी काढून भिरकावली. नियमानं पिवळं कार्ड. त्या पोराला पहिल्या हाफमध्ये एक मिळालेलं होतंच. दुसरं म्हणजे मैदानाबाहेर, आणि फायनललाही बसून राहायचं. पोरगा रडकुंडीला आला. पुट्टस्वामीला म्हणाला, अण्णा, मी मस्तीनं नाही काढली. काखेत इतकी घट्ट आहे की हात वर करताच श्वास अडकला. तुम्हीच शिवलीय.

पुट्टस्वामीनं जमिनीवरची जर्सी उचलली. शिवण बोटांनी चाचपून पाहिली. पोरगा खरं बोलत होता. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. त्यानं खिशातून आधी पिवळं कार्ड काढलं, मग लाल. आणि जर्सी घडी घालून स्वतःच्या काखेत धरली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तो पोरगा दारात हजर. जर्सी सैल करून तयार होती. पोरानं विचारलं, आता उपयोग काय, फायनल तर गेली. पुट्टस्वामी म्हणाला, "कार्ड रेफरीनं दिलं. टेलरनं माफी मागितली. दोघांना एक करू नको."

*

मामांचा किस्सा त्यांच्या तरुणपणीचा. त्या वर्षी फायनलमध्ये ज्या दोन टीम होत्या, त्यातल्या एकीचे अध्यक्ष मामांचे सासरे. बरोबरी चालू होती, थोडा वेळ उरला होता, आणि सासऱ्यांच्या टीमचा फॉरवर्ड गोलसमोर कोसळला. मामांनी पेनल्टी दिली. दुसऱ्या टीमनं त्यांना घेरलं. जावई, जावई म्हणून प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला.

मामा तिथून निघाले, मैदानाच्या मधोमध आले आणि खाली बसले. मांडी घालून, डोळे मिटून.

सुरुवातीला लोक हसले. मग शिट्ट्या झाल्या. मग हळूहळू आवाज विरत गेला. मामा सांगतात, चिंचेच्या झाडाची पानं हलत होती तीसुद्धा ऐकू यायला लागली. एक गाय मैदान ओलांडून गेली, तिच्या गळ्यातली घंटा या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू आली. शेवटी एका टीमचा कॅप्टन येऊन त्यांच्याशेजारी बसला आणि त्यानं हळूच विचारलं, राव सर, काय करताय?

"परत बघतोय," मामा म्हणाले.

त्या काळी रिप्ले कुठला. पण मामांना, ते म्हणतात, सगळं पुन्हा दिसलं. फॉरवर्डचा पाय, बचाव करणाऱ्याचा पाय आणि मधली मोकळी जागा. पायाला पाय लागलाच नव्हता. खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर रेफरीला आपला निर्णय फिरवता येतो. मामा उठले आणि त्यांनी पेनल्टी रद्द केली. सासऱ्यांची टीम हरली.

त्या दसऱ्याला सासरहून जेवणाचं बोलावणं आलं नाही. अख्खं म्हैसूर दिव्यांनी उजळलेलं आणि ही दोघं घरात. संध्याकाळी पान वाढताना मामींनी एवढंच विचारलं, "खरंच लागला नव्हता पाय?"

मामा म्हणाले, नाही.

"मग जेवा," मामी म्हणाल्या.

*

शुभांगी लीगच्या मॅचसाठी बेंगळुरूला जाते आणि बसनं परत येते. एकदा दुपारच्या बसमध्ये तिला झोप लागली. खिडकीबाहेर ऊस, नारळ, मध्येच तळं, पुन्हा ऊस. झोपेत ती टचलाइनवर धावत होती. समोर खेळाडू नव्हतेच, नुसत्या सावल्या होत्या, आणि त्यातली एक सावली बॉल यायच्या आधीच इतरांच्या पुढे निघाली. तिनं झेंडा वर केला.

प्रत्यक्षात हात वर गेला. मॅडमना उतरायचं आहे असं कंडक्टरला वाटलं. त्यानं शिट्टी मारली. बस थांबली. शिट्टी ऐकून तर शुभांगीची खात्रीच पटली.

कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, कुठं उतरायचं?

"ऑफसाइड," शुभांगी म्हणाली.

त्यानं थोडा विचार केला. मग तिला नीट समजावून सांगितलं की त्या नावाचा स्टॉप मंड्याच्या अलीकडे नाही, पलीकडे असला तर त्याला कल्पना नाही.

*

गेल्या सीझनला शुभांगीला लीगनं मध्येच घरी बसवलं. उरलेल्या सगळ्या मॅच काढून घेतल्या. कारण आम्हाला ठाऊक होतं, टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलं होतं. तिनं ऑफसाइडचा झेंडा दाखवला आणि एक गोल रद्द झाला. ऑफसाइड नव्हताच. तो गोल धरला असता तर गोल मारणारी टीम वाचली असती. ती टीम खालच्या लीगमध्ये गेली. बऱ्याच पोरांचे करार संपले. शुभांगीला फोनवर जे काय येत होतं, ते तिनं आम्हालासुद्धा दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण चौकशीच्या दिवशी आत काय झालं, ते तिनं परवा पहिल्यांदा सांगितलं.

एका हॉटेलची मीटिंग रूम. समितीची तीन माणसं, मध्ये अध्यक्ष, एकेकाळचे मोठे रेफरी. समोर त्या टीमचे कोच लॅपटॉप घेऊन बसलेले. त्यांनी शुभांगीच्या नमस्काराला उत्तरही दिलं नाही. ती आत जायच्या आधी एका ओळखीच्या अधिकाऱ्यानं तिला बाजूला घेतलं होतं. मध्ये खेळाडू आला, नीट दिसलं नाही, एवढंच सांगा, म्हणाला. प्रकरण मिटेल.

अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या आणि खेळाडूंच्या मध्ये कुणी होतं का?"

शुभांगी म्हणाली, "नाही सर. सगळं स्पष्ट दिसत होतं. मीच बघत नव्हते."

मग तिनं झालं तसं सांगितलं. संध्याकाळची वेळ, अजून उजेड होता. गोलकीपरनं हातातला बॉल उंच मारला. तिची नजर बॉलबरोबर वर गेली. बॉल खाली आला, कुणीतरी डोक्यानं पुढे ढकलला, फॉरवर्ड धावला. पण तिची नजर खाली आलीच नव्हती. समोरच्या स्टँडवर चंद्र उगवला होता. ती भानावर आली तेव्हा फॉरवर्ड एकटाच पुढे होता आणि तिनं अंदाजानं झेंडा वर केला.

"मी चंद्र बघत होते," ती म्हणाली. "चूक माझी आहे. कागदावर तसंच लिहा."

कोचनी लॅपटॉप उघडला आणि व्हिडिओ लावला. गोलकीपरची किक, हेडर, धाव, झेंडा. पुन्हा एकदा. तोच झेंडा. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी सुरुवात अगदी सावकाश पुढे सरकवली. बॉल वर गेला, त्याच्यामागे कॅमेराही वर गेला. फिकट आभाळ आलं. स्टँडच्या पत्र्याची कड आली. आणि बॉल चौकटीतून बाहेर गेल्यावर, कोपऱ्यात, चंद्र आला.

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि ते पुढे वाकले.

"थांबवा," ते म्हणाले. "तिथंच राहू द्या जरा."