भिंतीवरचं शिंगरू

अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे राहायला गेले तेव्हा नात पाच वर्षांची होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकलेली. महिनाभर आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसलो. शेवटी मुलाला सांगितलं, "पोर माझ्याशी बोलणार नसेल तर माझं तिकीट काढ. बघायला भिंती मला तिकडेही आहेत."

त्याच आठवड्यात समोरच्या म्हातारीने गॅरेज सेल लावला. तिची शेती जाऊन तिथे ऑफिसं उभी राहिली होती. एक जुनं, कापडावर चिकटवलेलं चित्र कोणी नेईना, ते तिने माझ्या नातीला देऊन टाकलं. म्हातारीच्या आईच्या जर्मनीतल्या शाळेत ते टांगलेलं असायचं म्हणे. गाय, घोडी, शेळी, डुकरीण, प्रत्येकीजवळ तिचं पिल्लू आणि खाली अक्षरं. मी ते जेवायच्या टेबलासमोर लावायला सांगितलं.

"अहो आई, जेवताना समोर डुक्कर?" सून म्हणाली.

"ती काय ताटात येतेय?"

मुलाला म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाच. तो म्हणाला, "जर्मन आहे. मला नाही येत." मला बरं वाटलं. घरातल्या सगळ्यांची इयत्ता एकच झाली.

मग जेवताना नात बोट दाखवायची. "हॉर्सचं बेबी!"

"बेबी माणसाचं. घोडीचं शिंगरू."

तिला तो शब्द इतका आवडला की ती बापालाच शिंगरू म्हणायला लागली. मग गाईचं वासरू झालं, शेळीचं करडू झालं. वरणभात गार व्हायचा.

एका शनिवारी मुलाचे एक डॉक्टर मित्र जेवायला आले. नातीने त्यांना चित्रापाशी नेलं आणि जर्मन अक्षरांवरून बोट फिरवत वाचून दाखवलं, "शिं-ग-रू."

"अगं, हे मराठी नाहीये," ते हसत म्हणाले.

"आहे! काका, तुला वाचता येत नाही. माझ्या आजीला येतं."

"तुला नाही, तुम्हाला," सून ओरडली.

"असू दे गं," मी म्हटलं. एवढं सलग मराठी ती पहिल्यांदाच बोलली होती. काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बरोबर वाचलं तिने."

पाहुणे गेल्यावर मुलाने विचारलं, "आई, तिकिटाचं काय करू?"

"डुकरीण राहिलीय अजून," मी म्हटलं. "ती झाली की बघू."