अर्धं राहिलेलं वाचन

त्या सांजेला वाचनालयात आम्ही दोघं आवाज भरत बसलो होतो. ती पेपरातलं वाचत होती, मी मोबाईल तिच्या तोंडापुढे धरला होता. पंखा बंद, दार लोटलेलं. मधातच मला खोकला आला.

"पुन्हा भरतं का?" मी विचारलं.

"राहू द्या. लोकायले कळू द्या, म्हातारा जित्ता हाय."

ती माझी बायको, गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल; मी तिथलाच शिपाई. मी चौथी शिकलो, तेही मार खाऊन. संग्रामपूरला शिबिरात सगळ्या वाचनालयवाल्यांना मोबाईलवर गावाचा ग्रुप चालवायचं शिकवलं. बाकीचे पुस्तकांचे फोटो टाकू लागले. ही परतीच्या एसटीत म्हणाली, "ज्याले वाचता येत नाही, त्यानं फोटो का चाटाचा?" तेव्हापासून ती आवाज पाठवायची. निंदणाऱ्या बाया मोबाईल ओच्यात ठेवून ऐकायच्या.

बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून सांगणारे निघून गेले, गुलाबी अळी राहिली. फवारण्या वाढल्या, फवारता फवारता माणसं पडू लागली. म्हणून फवारताना काय जपायचं, ते ती वाचत होती. अर्धं झालं. "बाकीचं उद्या," म्हणून तिनं पाठवून दिलं.

सकाळी मी चहा केला, हाक मारली. ती उठलीच नाही.

दुपारी तिला जाळून आलो. गोड शब्द मला येत नाहीत, जाळलंच.

सांजेला तिचा मोबाईल वाजत राहिला. ग्रुपवर तिचाच फोटो, श्रद्धांजली, जोडलेले हात. त्यात एका बाईचा आवाज. ती मजुरीला दुसऱ्या गावी गेलेली, अन् अक्षर येत नाही, म्हणून तिला काही कळलंच नव्हतं.

"काकू, आजचं काऊन नाही पाठवलं वं? आमचे हे उद्या सकाळी फवाराले जाऊन राह्यले. तोंड बांधाचं ऐकलं, पुढचं काय हाय?"

खाली कोणीतरी लिहिलं, काकू गेल्या. त्या बाईला लिहून काय उपयोग?

लेक सासरहून आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाचनालयाची चावी अन् तिचा मोबाईल घेतला तशी ती म्हणाली, "बाबा, सुतकात वाचनालय उघडता? अन् आईच्या नंबरावरून तुमचा आवाज गेला तर लोक भेतीन ना!"

"भेऊ दे वं माय. तिकडं तो माणूस पंप पाठीवर घेईन."

उजाडताच मी दार उघडलं. पेपर तिच्या टेबलावरच होता. एका हातानं मोबाईलवरचं आवाजाचं बटण दाबून धरलं, दुसऱ्या हाताचं बोट अक्षरावर ठेवून, अडत अडत वाचलं. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. उपाशीपोटी जाऊ नका. अंगावर औषध सांडलं तर लगेच साबणानं धुवा. चक्कर आली तर दवाखान्यात जा, औषधाचा डबा संग न्या.

मग म्हणालो, "बाई, तुह्या माणसाले हे आताच ऐकव. काकू काल वारल्या. मी त्यायचा नवरा बोलतो."

बटणावरचं बोट उचललं की आवाज ग्रुपवर जातो. ते सांगून झाल्यावर बोट उचलवेना. बाहेर लेक हाका मारत होती. उचललं.