मी गाळलेलं वाक्य

बाजारात माझी एक ठरलेली कोळीण आहे. ती मला अजून विचारते, "ताई, तुजा गोरा कवा येनार?" मी सांगते, "नाही येणार." ती म्हणते, "काय गो, जरा बरं बोलत जा की!" पण मी आता असंच बोलते. नाही तर नाही. पूर्वीही माझं तोंड फटकळच होतं, घरात कुणालाही विचारा. फक्त एकदा, जेव्हा फटकळ असायला हवं होतं, तेव्हाच मी नेमकी गोड झाले.

तिचा गोरा म्हणजे स्पेनहून आलेला एक फुटबॉलपटू, उजवा विंगर. एक अख्खा मोसम तो वर्तकनगरच्या बाजूला एका उंच इमारतीत, एकविसाव्या मजल्यावर राहिला, आणि त्या मोसमात मी त्याची दुभाषी होते. मी! मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरुणपणी हौसेने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकले, मग एका पंपांच्या कारखान्याच्या ऑफिसात वीस-बावीस वर्षं स्पॅनिश पत्रव्यवहार सांभाळला, आणि नोकरी सोडल्यावर नौपाड्यात घरीच चार पोरांना शिकवायला लागले. त्यातल्या एका मुलीचा मामा त्या संघाच्या ऑफिसात होता. असं माझं वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी फुटबॉलमध्ये पदार्पण झालं.

पहिल्या दिवशी मी रिक्षातून उतरले तर हा इमारतीच्या गेटपाशी वॉचमनशी हातवारे करून काहीतरी बोलत उभा. पस्तिशीचा, अंगाने सडसडीत, दाढीत दोन-चार पांढरे केस. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "काय पाहिजे, मला सांग." त्याने असा काही सुस्कारा सोडला की वॉचमन हसायलाच लागला. त्याला फक्त ताजी मासळी कुठे मिळते ते विचारायचं होतं. हा समुद्रकाठच्या एका छोट्या गावातला. आणि गेले नऊ दिवस बिचाऱ्याला संघाचा स्वयंपाकी उकडलेली कोंबडी खायला घालत होता.

मी त्याला बाजारात नेलं. आम्ही मासे खातो, पण मला ते ओळखता येत नाहीत, तीस वर्षं कोळीण देईल ते मुकाट्याने घेत आलेय. ह्याने बसकण मारली, सुरमईचा कल्ला उचलून आत पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. कोळीण आधी भडकली, मग त्याच्याकडे बघतच राहिली. "याला कलतंय गो," ती मला म्हणाली. त्यानंतर त्या दोघांना माझी गरजच पडली नाही. तो लांबूनच दिसला तर ती हात आडवा करायची, "आज नको रं, कालचा हाय!" आणि तो समजून परत फिरायचा. स्वतःचा माल, पण तोंडावर सांगायची. मला त्या वेळी त्याचं नुसतं हसू यायचं.

हळूहळू रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायला लागला. मासे त्याने निवडून आणायचे, कालवण मी करायचं आणि आमच्या ह्यांनी समोर बसून प्रश्न विचारायचे. ह्यांना क्रिकेटशिवाय काही ठाऊक नाही. "विंगर म्हणजे नक्की काय?" मी विचारून सांगितलं. त्याने टेबलाच्या कडेने चमचा सरकवत नेला. मैदानाच्या कडेकडेने धावायचं, रेषेच्या इतकं जवळून की पलीकडे उभ्या माणसाचा श्वास ऐकू यावा, आणि टोकाला पोचलं की चेंडू मध्ये, गोलसमोर टाकायचा. गोल दुसराच कुणीतरी करणार. "म्हणजे वाढपी," आमचे हे म्हणाले. मी ते तसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. तो खो खो हसला, आणि त्यानंतर स्वतःला वाढपीच म्हणवून घ्यायचा.

त्याची सगळी कारकीर्द मी अशी ताटावर ऐकली. सतराव्या वर्षी गावच्या क्लबात. तिथून एका मोठ्या क्लबाच्या दुय्यम संघात. मुख्य संघाकडून मोजून तीन सामने, त्यातल्या एकात शेवटची वीस मिनिटं असा धावला म्हणे की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मग गुडघा. मग या गावाहून त्या गावाला, पुढे ग्रीस, पुढे सायप्रस, आणि शेवटी आमचं ठाणं. अकरा क्लब. तो ते बोटांवर मोजायचा आणि दहा झाल्यावर माझं एक बोट धरायचा. मला फार माया यायची, खरं सांगते. मला मूलबाळ नाही म्हणून नव्हे, लोकांना लगेच तसं वाटतं. माणूसच मोठा लाघवी होता.

पण त्याच्या सगळ्या गोष्टी फिरून फिरून एकाच जागी यायच्या. गावचं मैदान, बंदराच्या मागे, एका बाजूला भिंत आणि बाकी तिन्हीकडे गंजकी जाळी. त्याचे वडील मासेमारीची जाळी विणून दुरुस्त करायचे. सामन्याला ते कधी बाकावर बसले नाहीत. पहिल्या अर्ध्यात हा ज्या कोपऱ्याकडे धावत येणार, त्या कोपऱ्यात टोपी घालून उभे. मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलतात, मग उजवा विंगर दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या कडेला जातो. तेव्हा खेळाडू पाणी पीत असताना म्हातारा अख्ख्या मैदानाला वळसा घालून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. दर रविवारी. चिखल असो, काही असो. मुलगा मोठ्या क्लबात गेल्यावर त्यांनी त्याला टीव्हीवरच पाहिलं आणि त्यांची एकच तक्रार असायची, टीव्हीत कोपरा नीट दाखवत नाहीत. "शेवटचं वर्ष मी तिथेच खेळणार," तो म्हणायचा. "पाय थकायच्या आत. माझे नव्हे, त्यांचे."

मोसम संपत आला. शेवटच्या सहा सामन्यांत तो बहुतेक वेळ बाकावरच होता. एका सोमवारी संघाच्या व्यवस्थापकाने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. व्यवस्थापक सरळ माणूस, घाईतला. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला की याला सांगा, तू मनापासून खेळलास, आभार. पण पुढच्या मोसमात आम्हाला तुझी गरज नाही. पायात वेग राहिलेला नाही. दुसरीकडे काही मिळत असेल तर आजच घे, आमच्यासाठी थांबू नकोस.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दुभाष्याकडे लोक असेच बघतात, डॉक्टरकडे बघावं तसं. आणि मला ते बोलवेना. कसं बोलू? आमच्याकडे मुलगी बघून गेलेले लोक नकार द्यायचा तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात, तेही मध्यस्थाकरवी. माझ्या तीन मावश्यांची लग्नं जमवताना आईने एकदाही कुणाला 'मुलगा पसंत नाही' असं म्हटलं नव्हतं. तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे मी आईच्या पदराआडून शिकलेले. मी म्हटलं, "ते म्हणतायत, तू मनापासून खेळलास, आभार. पुढच्या मोसमाचं अजून ठरलेलं नाही." बाकीचं गाळलं.

त्याचा चेहरा असा फुलला! उठून त्याने व्यवस्थापकाचा हात दोन्ही हातांत धरला. व्यवस्थापक जरा चकित झाला, पण हा माणूस नकार इतका छान घेतो म्हणून खूशही झालेला दिसला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "ताई, बरं झालं मी उत्तर पाठवलं नव्हतं." ताई म्हणायला तो कोळिणीकडून शिकला होता. मी विचारलं, "कसलं उत्तर?" तर गावच्या क्लबाने त्याला बोलावलं होतं. एका वर्षासाठी, उजव्या बाजूला, त्याच मैदानावर. गुरुवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. "इथे पैसे बरे आहेत, अजून एक वर्ष मिळालं तर खेळून घेतो," तो म्हणाला. "मग घरी. क्लबाला म्हणतो, थोडं थांबा."

तेव्हा बोलायला हवं होतं. गाडी खोपटच्या सिग्नलला उभी होती, चांगली दोन-तीन मिनिटं. ड्रायव्हर पुढे गुणगुणत होता. मी ठरवलं, उद्या सांगू, नीट बसवून सांगू. मंगळवारी सांगितलं नाही. बुधवारी मला बरं नाही असं कळवून गेलेच नाही. मनाची समजूत घालत होते की व्यवस्थापक स्वतःच कळवेल, नाहीतर संघाचं मन बदलेल, नाहीतर गावचा क्लब थांबेलच, घरचाच तर मुलगा. आमचे हे म्हणाले, "काय झालंय तुला? तीन दिवस झाले, कुणावर ओरडली नाहीस." मी त्यांच्यावर ओरडले. गुरुवार गेला. मधल्या रविवारीही बरं नाही म्हणून मी जेवण टाळलं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संघाची मेल आली. करार वाढवणार नाही, शुभेच्छा. त्याने ताबडतोब गावी लिहिलं. शनिवारी उत्तर आलं की आम्ही वाट पाहिली, पण नोंदणी करायची होती, एका तरुण मुलाला घेतलं, माफ कर. रविवारी तो नेहमीप्रमाणे मासे घेऊन आमच्या दारात उभा होता, मला वाटलं होतं तो येणार नाही.

तो जेवेना. नुसता भात चिवडत होता आणि रागाने लाल. "त्याने मला तोंडावर खोटं सांगितलं," व्यवस्थापकाबद्दल म्हणाला. "माझ्या हातात हात दिला आणि खोटं बोलला. उद्या जाऊन सगळ्यांसमोर विचारणार आहे त्याला." आणि माझ्याकडे वळून, "तू चल. एक शब्द गाळू नकोस. शिव्यासुद्धा."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "तो खोटं नाही बोलला. मी बोलले."

सांगितलं सगळं. हे बाजूला बसले होते, त्यांना स्पॅनिशचा एक शब्द कळत नाही, पण माझा आवाज ऐकून ते उठून पाणी आणायला गेले. टेबलावर पाण्याचा तांब्या भरलेला होता.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आता सांग. तो म्हणाला तसं. शब्द न् शब्द."

"कशाला आता?"

"सांग."

मी सांगितलं. पुढच्या मोसमात आम्हाला तुझी गरज नाही. पायात वेग राहिलेला नाही. दुसरीकडे काही मिळत असेल तर आजच घे, आमच्यासाठी थांबू नकोस. त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्याने मान हलवली, जणू बाजारात एखादा मासा दाबून बघतोय.

"मी गेलो असतो घरी," तो म्हणाला. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. वडील. दर रविवारी त्यांच्या सकाळी, आमच्या जेवणाच्या वेळी, ते व्हिडिओ कॉल करायचे. मी त्यांना ओळखत होते, दोनदा माझ्याशीही बोलले होते. टोपी घातलेला म्हातारा, फोन इतका जवळ धरायचा की नुसतं नाक आणि चष्मा दिसे. त्यांना शनिवारचं अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मग? आपल्याकडे खेळतोयस ना?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "अजून ठरलेलं नाही, बाबा."

माझंच वाक्य. आणि तिकडे तो म्हातारा असा फुलला, हुबेहूब मुलासारखा. मला राहवलं नाही. मी चांगली मोठ्याने ओरडले, "नाही! सांग त्यांना! मी केलं तसं करू नकोस!" हे स्वयंपाकघरातून धावत आले.

तो सरळ बसला आणि म्हणाला, "बाबा, नाही खेळणार. मला उत्तर द्यायला उशीर झाला. जागा भरली. दुसऱ्याला घेतलं."

मला उशीर झाला, असं म्हणाला. माझा उल्लेखसुद्धा केला नाही.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. तिकडे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते, ते स्पष्ट ऐकू आलं. "कोण आहे तो?" त्यांनी विचारलं. "जो घेतला तो." ह्याने सांगितलं, कुणीतरी एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, गल्लीतलाच. "डावखुरा?" "नाही, उजवा." "हं," म्हातारा म्हणाला. "मग त्याचा खेळ बघू दोघं मिळून. तू मध्यंतराला मला हात दे, हल्ली वळसा घालताना दम लागतो. कधी येतोस?"

भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं होतं. नकार ऐकून, चष्मा पुसून, हे सगळं बोलायला त्या माणसाला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.